चित्राची मागची बाजू : या महिन्याच्या कादंबरीवर चर्चा

तलावकाठ :

या महिन्यासाठी निवडलेली कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांनी संपवली असेल, किंवा निदान निम्मी तरी वाचली असेल, असे धरून हा धागा सुरू करते. नाव सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे कथानक पुन्हा सांगत नाही. १९४१ च्या पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबाच्या दिवाणखान्यातून उचलून नेलेले नासपतींचे लहानसे चित्र, आणि आजच्या लंडनमध्ये तेच चित्र साफसफाईसाठी जिच्या टेबलावर येते ती तरुणी, एवढा सांगाडा चर्चेला पुरेसा आहे. शेवटाविषयी लिहायचे असेल तर कृपया आधी तशी सूचना द्यावी.

मला कादंबरी मनापासून आवडली. मात्र तिच्यातील प्रेमकथेसाठी नव्हे. ती प्रेमकथा नीटनेटकी आहे आणि तिच्यात पुढे काय होणार हे पहिल्या भेटीतच कळते. माझे मन अडकले ते सुरुवातीच्या त्या प्रकरणात, जिथे ती तरुणी चित्र पालथे करते आणि पुढची कितीतरी पाने त्याच्या दर्शनी बाजूकडे पाहतच नाही. जुनी लाकडी चौकट, खिळे काढून पुन्हा मारल्याच्या खुणा, एका विक्रेत्याच्या चिठ्ठीचा उरलेला कोपरा, जकातीचा पुसट शिक्का आणि एका जागी पात्याने खरवडलेला चौकोन, एवढे सगळे लेखिकेने कसलेही गूढ न वाढवता केवळ नोंदवले आहे. पुढे पुष्कळ पानांनंतर आपण १९४१ मध्ये जातो आणि त्याच चौकोनात एक कारकून एक अक्षर व एक आकडा लिहिताना दिसतो. हे अक्षर कोणीतरी खरवडणार आहे हे वाचकाला ठाऊक असते, लिहिणाऱ्याला नसते. कथा दोन काळांत मांडण्याचे सारे मोल मला या एका जागी वसूल झालेले दिसले.

अक्षर आणि आकडा हा तपशील इतिहासातून घेतलेला आहे. फ्रान्स ताब्यात आल्यावर आल्फ्रेड रोझेनबर्ग या नाझी नेत्याच्या नावाने चालणाऱ्या जर्मन पथकाने १९४० च्या शरद ऋतूपासून पॅरिसमधील 'ज्यू द पोम' ही इमारत लुटीच्या कलावस्तूंचे कोठार म्हणून वापरली, आणि तिथे प्रत्येक वस्तूला मूळ कुटुंबाच्या नावाचे आद्याक्षर व अनुक्रमांक दिला जात असे. रॉथशिल्ड या श्रीमंत ज्यू कुटुंबाकडून नेलेले वर्मीर या सतराव्या शतकातील डच चित्रकाराचे 'खगोलशास्त्रज्ञ' हे चित्र याच मार्गाने गेले, ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीत सापडले, कुटुंबाला परत मिळाले आणि १९८३ पासून लूव्र संग्रहालयात आहे. या कोठारात रोझ व्हालां ही फ्रेंच कर्मचारी होती. आपल्याला जर्मन समजते हे तिने कोणालाही कळू दिले नाही आणि कोणती चित्रे कुठे रवाना होत आहेत याच्या गुप्त नोंदी ती वर्षानुवर्षे ठेवत राहिली. आपल्या कादंबरीतील १९४१ च्या कथेतली सहायिका तिच्यावरूनच घडवलेली आहे. फरक इतकाच की रोझ व्हालां त्या वेळी चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, कोणाच्या नजरेत न भरणारी बाई होती, आणि कादंबरीतील सहायिका विशीतली असून तिच्यावर दोन पुरुष एकाच वेळी लुब्ध आहेत. न दिसण्याची कला हेच रोझ व्हालांचे शस्त्र होते. ते काढून घेऊन लेखिकेने काय मिळवले, हे मला कळलेले नाही.

आता आपणा सर्वांना विचारते: आजच्या काळातला धागा तुम्हाला आवश्यक वाटला का?

पूर्वभाग :

तलावकाठ अक्का, तुमचे ते प्रकरण मलाही आवडले, पण त्या एका प्रकरणाच्या बळावर आजच्या काळातल्या दीडशे पानांना माफी देता येणार नाही. साखरपुडा मोडलेली नायिका, तिला अचानक वारशाने मिळालेले घर, संग्रहालयातला अबोल पण सहृदय सहकारी, हे सगळे या जातीच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीत आढळते. १९४१ मधली सहायिका चुकीच्या क्षणी चुकीच्या कागदाकडे पाहताना दिसली तर तिचा जीव जाणार आहे. आजच्या नायिकेने एखादा कागद पाहिला नाही तर फार तर तिचा अहवाल उशिरा जाईल. एका बाजूला प्राण आणि दुसऱ्या बाजूला प्रबंध असा हा व्यवहार आहे.

म्हणून मी दुसऱ्या वाचनात एक प्रयोग केला. युद्धकाळातली सर्व प्रकरणे सलग वाचली आणि आजची प्रकरणे नंतर वाचली. अक्कांच्या बाजूने हे सांगायला हवे की सलग वाचल्यावर १९४१ ची कथा साधी हेरकथा होऊन बसली आणि तिच्यातली हुरहुर निम्म्याने ओसरली. तेव्हा दोष रचनेत नाही. आजच्या नायिकेला गमावण्यासारखे काहीही दिलेले नाही, यात आहे. सोलापूरकर असूनही मी इथे ताण्याबाण्याची उपमा देत नाही, याची नोंद घ्यावी.

जवसतेल :

मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे माझे वाचन थोडे एकांगी असेल. कादंबरीत रंगांचे आणि कापडाचे वर्णन विलक्षण अचूक आहे, विशेषतः पिवळ्या पडलेल्या वार्निशाचा थर कापसाच्या बोळ्याने उतरवताना खालचा करडा रंग निळा निघतो तो प्रसंग. असे खरोखर घडते; जुने वार्निश पिवळट होते आणि निळ्याला हिरवट वा मळकट करून टाकते.

मात्र चित्र अस्सल की नक्कल, या प्रश्नाचा निकाल लेखिकेने फार लवकर लावला आहे. तैलरंगात मुख्य माध्यम जवसाचे तेल असते. आपल्याकडे जवस म्हटले की चटणी आठवते, पण याच तेलाचा एक गुणधर्म चित्रांच्या तपासणीत निर्णायक ठरत आला आहे. रंगाचा थर वरून काही दिवसांत वाळतो, परंतु आतून पूर्ण कठीण व्हायला त्याला अनेक दशके लागतात. नव्या रंगावर मद्यार्काचा बोळा फिरवला तर तो सुटू लागतो आणि शतकांपूर्वीचा रंग तग धरतो. हान व्हान मेगेरेन या डच चित्रकाराने नेमकी हीच परीक्षा चुकवली. त्याने सतराव्या शतकातले सामान्य कॅनव्हास विकत घेतले, त्यांवरचा रंग उतरवला, तेलाऐवजी बेकेलाइटच्या जातीची कृत्रिम राळ वापरली, चित्र भट्टीत भाजले आणि नळकांड्यावर गुंडाळून त्याला भेगा पाडल्या. त्याचा एक 'वर्मीर' थेट हर्मान ग्योरिंग या बड्या नाझी नेत्याच्या संग्रहात पोहोचला. १९४५ मध्ये राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा सुटकेसाठी त्याला आपणच नक्कल केली हे सिद्ध करावे लागले, आणि त्यासाठी त्याने पहाऱ्यात बसून आणखी एक 'वर्मीर' रंगवून दाखवला. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, पण ती भोगण्यापूर्वीच तो वारला.

हे लांबवून सांगण्याचे कारण असे की युद्धकाळात बाजारात पैसा भरपूर होता, कागदपत्रे नव्हती आणि प्रश्न विचारणे धोक्याचे होते. नक्कल खपवायला याहून चांगला काळ नाही. आपल्या कादंबरीतले नासपतींचे चित्र नकली असू शकते ही शंका दोन पाने टिकते आणि विरते. ती शेवटपर्यंत टिकली असती तर पूर्वभाग यांच्या तक्रारीचे उत्तरही मिळाले असते. आपली ओळख, नोकरी, शब्द, सारे काही एका बनावट वस्तूवर लावून बसलेली नायिका काही तरी गमावण्याच्या बेतात असली असती.

रात्रपाळी :

सर्वांचे वाचून झाले. माझी तक्रार एकच आहे. आगगाडी अडवली जाते त्या प्रसंगातला सैनिक त्याच कुटुंबातला निघतो, हे मला अजिबात पटले नाही. इतका योगायोग मराठी मालिकेतही दाखवत नाहीत.

तलावकाठ :

रात्रपाळी, कादंबरीतला नेमका तोच भाग प्रत्यक्षात घडलेला आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त होण्याच्या बेतात असताना, आधुनिक चित्रांच्या १४८ पेट्या जर्मनीकडे जाणाऱ्या आगगाडीत भरल्या गेल्या. रोझ व्हालांने ही माहिती फ्रेंच प्रतिकार चळवळीपर्यंत पोहोचवली आणि ती गाडी पॅरिसच्या जवळच रखडवली गेली. नंतर फ्रेंच सैन्याच्या ज्या तुकडीने ती ताब्यात घेतली, तिचा अधिकारी होता अलेक्झांडर रोझेनबर्ग, म्हणजे लुटल्या गेलेल्या प्रसिद्ध चित्रविक्रेत्या पॉल रोझेनबर्ग यांचा मुलगा. पेट्यांमध्ये त्याच्या वडिलांची चित्रे होती. (वर उल्लेख आलेल्या आल्फ्रेड रोझेनबर्गशी या कुटुंबाचा काही संबंध नाही, आडनावाचा हा योगायोग मात्र कोणत्याही संपादकाने छाटला असता.)

लेखिकेवर आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळा घेता येईल. जे घडले ते अविश्वसनीय होते, आणि तिने ते अविश्वसनीय वाटू दिले नाही. सैनिक पेटी उघडतो आणि लगेच रडू लागतो. अशा वेळी माणूस आधी गप्प उभा राहील, पेटीवरचा क्रमांक पुन्हा वाचेल, सोबत्याला उगाच वेळ विचारेल. पटत नाही ते या घाईमुळे, असे माझे मत आहे.

कोर्टकचेरी :

इथून पुढे मी कादंबरीच्या शेवटच्या भागाविषयी लिहीत आहे. ज्यांचे वाचन अपुरे आहे त्यांनी हा प्रतिसाद ओलांडावा.

न्यायालयातील प्रकरणे वाचताना मला व्यवसायामुळे सारखी ठेच लागत होती. नायिकेच्या मदतीने मूळ कुटुंबाची नात लंडनमध्ये दावा लावते आणि न्यायाधीश तिच्या बाजूने भावपूर्ण निकाल देतात. प्रत्यक्षात इंग्लंडच्या मुदतीच्या कायद्यानुसार चोरीची वस्तू कोणी सद्भावनेने विकत घेतली, की त्या खरेदीपासून सहा वर्षांनी मूळ मालकाचा हक्कच संपुष्टात येतो. चित्र १९५० च्या दशकात एका डॉक्टरांनी रीतसर पावती घेऊन विकत घेतले, असे कादंबरीच सांगते; म्हणजे नातीचा दावा तिच्या जन्मापूर्वीच मेलेला असणार. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्यातील कलम २७ नुसार चोराकडून घेणाऱ्याला चोरापेक्षा अधिक चांगला हक्क सहसा मिळत नाही, आणि चोरीला गेलेल्या वस्तूसाठी तीन वर्षांची मुदत ती कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला कळल्यापासून मोजली जाते. अमेरिकेने नाझी काळात हिरावलेल्या कलावस्तूंसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून प्रत्यक्ष शोध लागल्यापासून सहा वर्षांची मुदत दिली. त्यामुळे हाच खटला न्यूयॉर्कमध्ये दाखवला असता तर मी निमूटपणे पान उलटले असते.

अशी प्रकरणे बहुधा वाटाघाटींत मिटतात. १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी मान्य केलेली तत्त्वे बंधनकारक नाहीत. ती केवळ 'न्याय्य व योग्य तोडगा' काढायला सांगतात. मग दोन्ही बाजू बसतात, किंमत ठरते, कधी चित्राशेजारी मूळ कुटुंबाचे नाव लागते. यात नाट्य कमी आहे हे मान्य, पण सद्भावनेने चित्र घेतलेल्या त्या डॉक्टरांची मुलगी कादंबरीत केवळ खलनायिका होऊन उरते, ते तरी टळले असते. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातली सर्वांत गुंतागुंतीची व्यक्ती तीच आहे. लहानपणापासून जेवणाच्या टेबलासमोर पाहिलेले चित्र चोरीचे आहे, हे साठाव्या वर्षी कळणे म्हणजे काय, याला लेखिकेने जेमतेम एक परिच्छेद दिला आहे.

पूर्वभाग :

वकीलसाहेब, शेवटाचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. चित्र परत मिळाल्यावर नात ते लिलावात विकते, यावर आपल्या वाचनकट्ट्यात बरीच नाराजी होती. 'मग एवढा खटाटोप कशासाठी,' असे एकदोघांनी म्हटले. तुम्हाला काय वाटते?

कोर्टकचेरी :

मला तो शेवट पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटला. गुस्ताव क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराने १९०७ मध्ये पूर्ण केलेल्या आडेल ब्लॉख-बाउअर यांच्या सोनेरी चित्राचे उदाहरण घ्या. आडेल १९२५ मध्ये वारल्या. पतीने आपल्या मृत्यूनंतर चित्रे ऑस्ट्रियाच्या संग्रहालयाला द्यावीत, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहिली होती. १९३८ मध्ये नाझी आले, पती देश सोडून गेले आणि त्यांची मालमत्ता हिरावली गेली. पुढे संग्रहालय त्या इच्छेवर बोट ठेवून बसले. चित्रे पतीच्या मालकीची होती आणि आडेल यांच्या शब्दांनी ते बांधले गेले नव्हते, यावर त्यांच्या भाचीचा, म्हणजे मारिया आल्टमन यांचा, दावा उभा राहिला. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑस्ट्रियाविरुद्ध दावा चालवता येईल असे ठरवले आणि २००६ मध्ये ऑस्ट्रियातीलच लवादाने पाच चित्रे परत देण्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी सोनेरी चित्र सुमारे साडेतेरा कोटी डॉलरना विकले गेल्याचे प्रसिद्ध झाले आणि तेव्हाही हीच कुरकुर झाली. वस्तू ज्याची त्याला परत केली की ती ठेवायची की विकायची हेही त्यानेच ठरवायचे. परत करणाऱ्याने अट घालायची नसते.

भैय्याचौक :

माझा मुद्दा थोडा निराळा आहे, पण कादंबरीतूनच निघालेला आहे. डॉ. कोटणीस यांच्या जन्मघरातील स्मारकावरून रोज जाणाऱ्या माणसाला दुसरे महायुद्ध केवळ युरोपचे वाटत नाही. सोलापूरचा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातो आणि १९४२ मध्ये तिथेच त्याचा अंत होतो, एवढे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. असे असताना या प्रकारची मराठी कादंबरी मला आजवर मिळाली नाही. साहित्य मात्र आपल्या अंगणात पडलेले आहे.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत संघात हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे इथवर आली. मुंबईत व्हिएन्नाहून आलेला चित्रकार वॉल्टर लांगहॅमर एका मोठ्या इंग्रजी दैनिकाचा कलादिग्दर्शक झाला. त्याची पत्नी ज्यू होती. त्याच्यासह समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर या परागंदा मंडळींनी ज्या तरुण चित्रकारांना घरी बोलावले, चित्रे दाखवली, त्यांची चित्रे विकत घेतली, त्यांतूनच १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्यात मकबूल फिदा हुसेन होते, आणि त्यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. हिटलरमुळे व्हिएन्ना सोडलेला माणूस मुंबईत पंढरपूरच्या माणसाच्या चित्राकडे पाहत उभा आहे, या एका दृश्यावर दोन काळांची कादंबरी उभी राहू शकते, आणि तिला लंडनची गरज पडणार नाही.

जवसतेल :

भैय्याचौक, फार चांगली आठवण करून दिलीत. यात मी चित्रकार चित्तप्रसाद यांचे नाव घालीन. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात हिंडले आणि उपाशी माणसांची काळ्या शाईतली रेखाटने घेऊन परतले. ती ज्या पुस्तिकेत छापली तिच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले. युद्धकाळातील चित्र म्हटले की आपण लुटलेल्या चित्राचा विचार करतो. हे तर सरकारने जाळलेले चित्र आहे, आणि तेही शत्रूच्या सरकारने नव्हे, राज्य करणाऱ्या सरकारने.

पूर्वभाग :

सर, असे पुस्तक कोणी लिहिलेच, तर आजच्या काळातल्या नायिकेला मोडलेला साखरपुडा देऊ नये, एवढी विनंती पोहोचवावी. जप्तीतून वाचलेली एखादी प्रत तिच्या स्वतःच्या घरात निघावी, आजोबा सरकारी नोकरीत असावेत आणि ती प्रत त्यांच्याकडे कशी आली हे विचारण्याची घरात कोणाची छाती नसावी. तिला गमावण्यासारखे पुष्कळ असेल. वकीलसाहेबांची ती डॉक्टरांची मुलगीही मग नायिकाच होईल.

रात्रपाळी :

तलावकाठ अक्का, रोझेनबर्गांच्या मुलाची हकीकत कळल्यावर ते प्रकरण पुन्हा वाचले. योगायोगाबद्दलची तक्रार मागे घेतो. सैनिक फार लवकर रडतो, हे मात्र तुमचे अगदी बरोबर आहे.